शिकस्त इमारतीला नोटीस कोणी बजावायची?

२०२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात वऱ्हाडात थोड्या दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या, आणि त्या दोहोंचे स्मरण एकत्र ठेवावे असे मला वाटते, कारण एकीवाचून दुसरीचा अर्थ नीट लागत नाही. पहिली अकोला-अकोट रस्त्यावरची. गांधीग्रामपाशी पूर्णेवर इंग्रजी अमदानीत बांधलेला जो पूल होता, त्याला तडा गेल्याचे वेळीच दृष्टीस पडले. पूल वाहतुकीस बंद झाला. ऐन दिवाळीच्या तोंडावर अकोटकडच्या मंडळींना भल्या मोठ्या वळशाने जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागले. आणि नोव्हेंबरात अकोला-अकोट रेल्वेगाडी सुरू होईपर्यंत लोकांनी अधिकाऱ्यांच्या नावाने यथेच्छ बोटे मोडली. परंतु त्या पुलापायी कोणाच्या घरी सुतक आले नाही. दुसरी घटना अमरावतीची. महिन्याच्या ३० तारखेला, रविवारी दुपारी, प्रभात चौकातील एक जुनी शिकस्त इमारत कोसळली आणि तळमजल्यावरच्या दुकानात असलेली पाच माणसे ढिगाऱ्याखाली सापडून प्राणास मुकली. इमारत धोक्याची असल्याची नोटीस महानगरपालिकेने आधीच बजावलेली होती. त्याच दिवशी संध्याकाळी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल मच्छू नदीत कोसळून १३५ माणसे दगावली, आणि देशाच्या लेखी अमरावतीची बातमी मागे पडली.

या दोन्ही ठिकाणी धोका कोणाला दिसला नव्हता असे म्हणता येत नाही. गांधीग्रामला तो दिसला आणि रस्ता अडवला गेला. प्रभात चौकात तो दिसला आणि कागद रवाना झाला. आपल्या सार्वजनिक जीवनात दृष्टीचा दुष्काळ आहे अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण ती मला खरी वाटत नाही. ज्याला दिसते त्याच्या हाती लेखणी नसते, आणि ज्याच्या हाती लेखणी असते त्याला त्या छताखाली बसावे लागत नाही, हे खरे दुखणे आहे; आणि खाजगी घरांपेक्षा सरकारी इमारतींच्या बाबतीत ते अधिक मुरलेले आहे.

खाजगी इमारतीचे निदान एक बरे असते, की तिच्याकडे डोळे वटारून पाहणारा कोणीतरी कायद्याने नेमलेला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६४ अन्वये मोडकळीस आलेले बांधकाम उतरवून घेण्याचा हुकूम आयुक्तांना देता येतो, आणि कलम २६५-अ अन्वये तीस वर्षे उलटलेल्या इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी करवून दाखला सादर करावयाचा असतो. अशा तपासणीतून इमारतींच्या प्रतीही ठरलेल्या आहेत: सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२ब म्हणजे माणसे राहू देऊन दुरुस्त करण्याजोगी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. दरवर्षी मे महिन्यात अमरावतीत आणि अकोल्यात अशा घरांच्या याद्या निघतात, नोटिसा डकवल्या जातात, घरमालक आणि भाडेकरू यांचे जुने दावे नव्याने उकरले जातात, आणि पहिला पाऊस पडून गेला की सर्व काही पूर्ववत होते. व्यवस्था सदोष आहे, पण आहे. मात्र ज्या कचेरीतून ही नोटीस निघते तिच्या स्वतःच्या जिन्याखालच्या ओलीला नोटीस कोणी बजावायची? तहसील कचेरीचा मालक कोण, भोगवटादार कोण? इमारत महसूल खात्याची, देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाची, निधी वित्त विभागाचा आणि गळती मात्र सर्वांची. अशा इमारतीस व्यवहारात कोणी धनी राहत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मध्यंतरी वऱ्हाडातील एका सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी खोळंबून बसण्याचा प्रसंग आला. कचेरी कोणती हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण वाचकाने आपल्या गावची कोणतीही कचेरी तेथे योजली तरी वर्णनात फारसा फरक पडणार नाही. ओसरीत तीन बाकडी होती. दोन खच्चून भरलेली, आणि इतकी माणसे भिंतीला टेकून उभी असताना तिसरे रिकामे. मी त्यावर बसू लागलो तोच दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला, "तठी नोका बसू बाप्पा, वरून पोपडे पडते." वर पाहिले. परातीएवढ्या जागेतला गिलावा गळून स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या होत्या. त्या सळया शाबूत लोखंडाच्या राहिल्या नव्हत्या, त्यांचे पदर सुटत होते, आणि तेथून निघालेला तपकिरी डाग भिंतीवरून ओघळत एका माजी मंत्रिमहोदयांच्या नावाच्या कोनशिलेपर्यंत आला होता. बाहेर जाऊन पाहिले तर त्या डागाचा उगम सापडला. गच्चीचे पाणी काढून देणारी पन्हाळी कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याने गच्च तुंबलेली, आणि तिच्या तोंडाशी वीतभर उंचीचे पिंपळाचे रोप. दोन माणसांचे अर्ध्या तासाचे काम. मी त्या शिपायाला विचारले, हे वर कळवले आहे काय? तो म्हणाला, "सायबाले सांगतलं न. त्याईनं वर लिवलं म्हणते." कागद वर जात राहतो आणि पोपडे खाली येत राहतात, अशी ही वाहतूक किती वर्षे चालू होती हे त्यालाही सांगता आले नाही, त्याने आपल्या अखत्यारीतला एकच उपाय केला होता, तो म्हणजे त्या बाकड्यावर कोणाला बसू न देण्याचा.

वाचकांपैकी पुष्कळांना हा सारा वरवरच्या गिलाव्याचा प्रश्न वाटेल, सबब थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. नव्या काँक्रीटमध्ये क्षाराचा अंश इतका प्रबळ असतो की त्यात बुडालेल्या लोखंडावर एक सूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो आणि ते गंजत नाही. कालांतराने हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये झिरपून तो क्षारगुण मारतो, किंवा ओलीबरोबर मीठ आत शिरून तो पापुद्रा फोडते. मग सळई गंजू लागते, आणि गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती जागा मिळवण्यासाठी तो आतून रेटा देऊन काँक्रीट फोडतो. म्हणजे आपल्या डोक्यावर जो पोपडा पडतो, तो रोगाचा आरंभ नसून त्याची बरीच पुढची अवस्था असते, आणि त्यावर सिमेंटचा हात फिरवून रंग देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

त्यात आपल्या प्रांताची प्रकृतीच अशी, की इमारतीला येथे अधिक जपावे लागते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून गेला आहे. सळई घातलेल्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण दर लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, आणि सळईविरहित काँक्रीटसाठी ते २००० पर्यंत चालेल, असे भारतीय मानक ४५६ सांगते; परंतु खारपाणपट्ट्यातल्या गावी शाळाखोली किंवा दवाखाना बांधताना ठेकेदाराने गोडे पाणी टँकरने आणले की लगतच्या बोअरचे मचूळ पाणीच वापरले, याची नोंद कोणत्या मोजमाप पुस्तकात सापडते? ते मीठ त्या इमारतीच्या हाडांत जन्मतःच शिरलेले असते. दुसरी गोष्ट काळ्या जमिनीची. जी माती कपाशीला जीव लावते ती पायाला दगा देते: पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, चैत्र-वैशाखात तिला हात शिरेल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उथळ पायाने उभी असलेली इमारत दरसाल थोडी उचलली जाते आणि थोडी बसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढत गेलेली भेग ही बहुधा त्या हालचालीची निशाणी असते. अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या पाइलचा पाया रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने फार पूर्वीच सिद्ध करून दिला आहे, म्हणजे ज्ञानाचीही वाण नाही. तिसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसापार जातो तेव्हा दिवसभर तापलेली गच्ची रात्री आक्रसते, या रोजच्या ताणाने तिच्यावरचा गिलावा बारीक तडकतो, आणि मृगाची पहिली सर नेमकी त्या तड्यांची वाट शोधीत आत उतरते.

ही प्रकृती आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असे नाही. वऱ्हाडातली जुनी घरे धाब्याची; सागवानी किलचनावर मातीचा थर. ती मुळात कच्ची आहेत हे प्रत्येक घरधन्यास मान्य होते, म्हणून मृग लागण्याच्या आत धाब्यावर खारी माती टाकून ती चोपून बसवणे, पन्हाळी मोकळी करणे, भिंतीच्या बुडाशी पाणी मुरत असल्यास चर खणून देणे ही कामे पेरणीइतक्याच नेमाने होत असत. त्या घरांच्या सुखसोयींचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही; त्यांत अंधार असे, विंचू असत, आणि अतिवृष्टीत ती माणसांसकट बसतही असत. माझे म्हणणे एवढेच, की जो धाब्याखाली निजत असे तोच धाब्यावर चढत असे. काँक्रीट आले आणि आपण समजलो की आता चढण्याची गरज उरली नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत गावोगाव शाळाखोल्या, दवाखाने, पंचायत समित्यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या पिढीचे हे फार मोठे कर्तृत्व होते. पण त्या सर्व इमारती आता एकाच वेळी म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि त्यांच्या वार्धक्याची तरतूद मात्र कोणीच केलेली नाही.

तरतूद का होत नाही, हेही उघड गुपित आहे. सरकारी हिशेबात नव्या इमारतीचा खर्च ४०५९ या भांडवली लेखाशीर्षाखाली पडतो आणि जुनीच्या देखभालीचा २०५९ या महसुली लेखाशीर्षाखाली. पहिल्यातून कोनशिला निघते, फीत निघते, छायाचित्र निघते. दुसऱ्यातून तुंबलेली पन्हाळी मोकळी होते, आणि तिच्या उद्घाटनास कोणी आमदार आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. काटकसरीचा हुकूम सुटला की कात्री प्रथम दुसऱ्यावर चालते. जो अल्प पैसा हाती उरतो तो बहुधा रंगरंगोटीत जातो, कारण रंग दिसतो. मोरबीच्या पुलाचेही असेच झाले होते. तो दुरुस्तीनंतर नुकताच लोकांना खुला केला होता. पुढे गुजरात सरकारने नेमलेल्या विशेष पथकाला असे आढळले, की मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या, आणि त्या दुर्घटनेपूर्वीच तुटलेल्या असाव्यात. नव्या फरशीखाली, नव्या रंगाआड तो जुना गंज तसाच राहिला होता.

शाळांची कथा याहून क्लेशदायक आहे. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगरजवळच्या निंबोडी येथे पावसात जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाचे छत कोसळून तीन मुले मृत्यू पावली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी शाळा कोसळून सात मुले गेली, आणि त्यांतून वाचलेल्या मुलांनी वार्ताहरांना सांगितले, की वरून खडे पडत असल्याचे त्यांनी शिक्षकांच्या कानावर घातले होते. या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. त्या वर्गात इमारतीची खरी पाहणी करणारे कोणी असतील तर ती मुलेच होती. त्यांचा अहवाल तोंडी होता, म्हणून तो दप्तरदाखल झाला नाही. आपल्याकडे शिकस्त वर्गखोली पाडावयाची तर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो. तो मुख्याध्यापकाकडून पंचायत समितीकडे, तेथून बांधकाम उपविभागाकडे, पुढे जिल्हा परिषदेकडे असा फिरतो, आणि तो फिरत असताना वर्ग ओसरीत किंवा झाडाखाली भरतो. भरला तर उत्तमच. पण पाऊस जोराचा आला की मास्तर मुलांना घेऊन कोठे जाणार? त्याच खोलीत.

अशी एखादी दुर्घटना घडली की 'स्ट्रक्चरल ऑडिट' हा मंत्र सर्वत्र ऐकू येऊ लागतो. बैल गेला आणि झोपा केला, असा हा प्रकार. आणि झोपाही पुष्कळदा कागदाचाच असतो. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल कोसळून सात जण मृत्युमुखी पडले, त्या पुलाचे असे परीक्षण काही काळापूर्वीच झालेले होते, आणि किरकोळ दुरुस्तीने तो वापरण्यास योग्य ठरवला गेला होता. म्हणून मोठ्या फीचा तज्ज्ञ पाच-सात वर्षांतून एकदा येऊन जाडजूड अहवाल देऊन जाईल, या भरवशावर मी निर्धास्त व्हायला तयार नाही. तज्ज्ञ हवाच, हातोडीने ठोकून पोकळ आवाज ओळखणे, काँक्रीटचा नमुना काढून तपासणे ही त्याचीच कामे आहेत. परंतु तो यावयाचा कधी आणि कोठे हे ठरवण्यासाठी रोज पाहणारा डोळा लागतो, आणि तो डोळा शिपायाचा, परिचारिकेचा, सफाई कामगाराचा आणि शाळकरी मुलाचा असतो. आठवड्यापूर्वी नव्हता तो डाग आज आहे, दार गेल्या वर्षी लागत होते ते यंदा चौकटीत अडते, या गोष्टी तज्ज्ञाला एका भेटीत कळणे शक्य नाही, आणि तेथे रोज झाडू मारणाऱ्या बाईला त्या कळल्याशिवाय राहत नाहीत.

तेव्हा माझी सूचना अगदी साधी आहे, आणि तिला नवा कायदा, समिती किंवा परदेश दौरा यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही. आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीवर टाकी धुतल्याची तारीख आणि पुढे कधी धुवावयाची ती तारीख रंगाने लिहिलेली असते. रेल्वेच्या डब्याच्या टोकावर त्याची मोठी दुरुस्ती कोठल्या कारखान्यात कधी झाली आणि पुन्हा कधी व्हावयाची हे लिहिलेले असते. अग्निशामक नळकांड्यालाही तारखेची चिठ्ठी असते. मग इमारतीनेच काय अपराध केला? प्रत्येक सरकारी कचेरी, शाळा आणि दवाखाना यांच्या दर्शनी भिंतीवर, कोनशिलेच्या शेजारीच, चार ओळी असाव्यात: बांधकाम पुरे झाल्याचे वर्ष, शेवटच्या पाहणीची तारीख, पाहणी करणाऱ्या अभियंत्याचे नाव व हुद्दा, आणि काय आढळले, ते साध्या मराठीत. त्या ओळींखाली एक नोंदवही टांगलेली असावी, जीत कोणीही, अगदी दाखल्यासाठी खोळंबलेल्या माणसानेही, आपल्याला दिसलेला तडा लिहावा, आणि शाखा अभियंत्याने ठराविक मुदतीत त्यापुढे आपला शेरा व सही करावी. 'पाहिले, धोका नाही' असा शेरा असला तरी चालेल, पण तो कोणाच्या तरी नावाने असावा.

यावर दोन आक्षेप येतील हे मला ठाऊक आहे. एक असा, की लोक विनाकारण घाबरतील. लोक आताही ज्या बाकड्यावर बसावयाचे नाही ते जाणतात. त्यांना घाबरवण्याचे काम पोपडे करीतच आहेत. दुसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलणार नाही, पण खरा तोच आहे: तारीख आणि नाव भिंतीवर आले की उद्या दुर्दैवाने काही घडल्यास तीच भिंत न्यायालयात साक्षीला उभी राहील. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ज्या कनिष्ठ अभियंत्याकडे एका तालुक्यातल्या शेकडो खोल्या सोपवलेल्या आहेत आणि देखभालीला पैसा नाही, त्याचेच नाव लिहून त्यालाच फासावर द्यावे असे मला म्हणावयाचे नाही. त्याने 'निधी मागितला, अमुक तारखेस' एवढे जरी त्या फलकावर लिहिले तरी त्याची मान सुटते आणि ती जबाबदारी पुढच्या टेबलाकडे जाते. आज त्याला लिहिण्याची जागाच नसल्यामुळे शेवटी फास त्याच्याच गळ्यात पडतो.

प्रयोग करून पाहावयाचा असल्यास आरंभ खेड्यातल्या शाळेपासून करू नये. अमरावती आणि अकोला येथील सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, जिल्हा परिषदांच्या आणि दोन्ही महानगरपालिकांच्या स्वतःच्या कचेऱ्यांवर हे फलक आधी लागावेत, कारण तेथे सही करणारा अधिकारी त्याच स्लॅबखाली बसतो. रंगाचा एक डबा, एक कुंचला आणि अक्षरे काढणारा एक रंगारी एवढे सामान पुरेल, आणि त्यासाठी अंदाजपत्रक करून तांत्रिक मान्यता मागावी लागली तर ती मागण्याचा अर्ज मी स्वतः लिहून देईन.